तीन दरपत्रके आणि एक सूक्ष्मदर्शक

मुख्याध्यापक बंधुभगिनींनो,

अधिवेशनाच्या अध्यक्षाने शिक्षणाच्या भवितव्यावर बोलावे, असा रिवाज आहे. मी आज खरेदीच्या फायलीवर बोलणार आहे. आपली झोप तिच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच फायलीने उडवलेली नाही.

खरेदीच्या फायलीला लागणारी तीन दरपत्रके कशी जमतात, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. ओळखीच्या दुकानदाराला निरोप जातो, "बाकीची दोन तुम्हीच आणून द्या." तो आणतो. तिन्हींचे टायपिंग एक, कधी कधी शुद्धलेखनाची चूकसुद्धा एकच. लिपिक तुलनात्मक तक्ता करतो, खरेदी समिती सह्या करते आणि ऑडिटलाही ते चालून जाते, कारण कागद मोजले की तीन भरतात. याला नियम पाळणे म्हणायला मी तयार नाही. दर वाजवी होता की नाही, हे त्यातून कुणालाच कळत नाही. उद्या चौकशी लागली, तर तिथे सही मुख्याध्यापकाची निघते.

राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका दिली आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला १५७ वा नियम तर थेट बजावतो की वरची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नका. आपल्याकडे बाके हवी असतात वीस आणि फायलीत पाच-पाचांच्या चार मागण्या दिसतात. असो.

माझा मुख्य मुद्दा दरपत्रकाच्या आधीचा आहे. आपण मागणीपत्रात लिहितो, 'सूक्ष्मदर्शक, नग पाच'. एवढ्यावर कुणी खेळण्यातला दिला तरी तो सर्वांत कमी दराचाच ठरणार, आणि मग आपण म्हणणार की नियमामुळे निकृष्ट माल गळ्यात पडला! कमी दर बघायचा तो आपल्या अटींत बसणाऱ्या मालाचा. अटी लिहिल्याच नाहीत, तर नियमाने काय करावे? कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी शंभर पट वर्धनावर स्वच्छ दिसतात. दहा पटीचे नेत्रभिंग आणि चार, दहा, चाळीस पटीची वस्तुभिंगे असली की शाळेचे काम भागते. हजार पट वर्धन देणाऱ्या, तेल घालून वापरायच्या भिंगाचे पैसे कशाला मोजायचे? मात्र वीज गेली तरी तास चालावा म्हणून दिव्याबरोबर आरसाही हवा, हे लिहायला हवे. दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत, हेही हवे. ही चार वाक्ये विज्ञानाच्या बाई दहा मिनिटांत लिहून देतील. आपण त्यांना विचारत नाही. जेम पोर्टलवरून घेणाऱ्या शासकीय शाळांनाही ही वाक्ये चुकत नाहीत. आणि माल आल्यावर जडसंग्रह नोंदवहीत नोंद होण्याआधी त्याच बाईंनी पाचही नगांतून पाहावे, बिल त्यानंतर निघावे.

आता वरच्या कार्यालयांनाही दोन शब्द. समग्र शिक्षाचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते आणि हजारावर पट असला तरी एक लाखापुढे जात नाही. ही लहानशी रक्कम मार्चच्या तोंडावर हाती ठेवायची, ३१ तारखेच्या आत खर्ची टाका म्हणायचे आणि वर खरी स्पर्धा झाली का, असेही विचारायचे, हे बरे नाही. शाळेला लिपिक द्यायचा नाही आणि फाईल मात्र निर्दोष मागायची, हेही नाही.

तरीही अनुदान उशिरा आले म्हणून अटी उशिरा लिहाव्या लागत नाहीत. त्या जूनमध्येच तयार ठेवता येतात. प्रत्येक तालुक्याच्या विज्ञान अध्यापक मंडळाने प्रयोगशाळेच्या साहित्याची एक सामाईक विनिर्देश यादी करावी, बाके आणि संगणकांची यादी आपण करू, आणि दरपत्रकाचे पत्र प्रत्येक दुकानाला शाळेकडून स्वतंत्र जावे, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. ज्यांना तो अव्यवहार्य वाटतो, त्यांनी तिथे जरूर बोलावे. सत्र अडीचला सुरू होईल.