नवा मदरबोर्ड आणि जुनी ओळख

बँकेच्या खिडकीपाशी पासबुक घेऊन उभे राहावे आणि आतून उत्तर यावे, 'सर्व्हर बंद आहे', हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांना असेल. हा सर्व्हर म्हणजे बहुधा १९ इंच रुंदीच्या लोखंडी रॅकमध्ये सरकवून बसविलेली एक चपटी पेटी. तिची उंची 'यू' नावाच्या मापाने मोजतात, व एक यू म्हणजे पावणेदोन इंच. पेटीच्या तळाशी जो मोठा फलक पसरलेला असतो तो मदरबोर्ड. प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, पंखे, डिस्क, वीजपुरवठा ही सारी मंडळी त्याच्याच आश्रयाने नांदतात. तो निकामी झाला म्हणजे बाकीचे सर्व धडधाकट असूनही यंत्र मुके होते.

हा फलक बदलण्याची वेळ आली, तर प्रथम दोष त्याचाच आहे याची खात्री करून घ्यावी. वैतागलेल्या माणसास मदरबोर्डवर खापर फोडण्याची मोठी घाई असते. वास्तविक रॅमची एखादी बिघडलेली पट्टीदेखील साऱ्या यंत्रास अडवून धरू शकते. म्हणून एक प्रोसेसर, एक पट्टी आणि एक वीजपुरवठा एवढ्यावरच यंत्र सुरू करून पाहावे, आणि चालले तर एकेक भाग पुन्हा जोडीत जावे.

खात्री झाल्यावर वीजपुरवठ्याच्या सर्व तारा काढाव्यात व सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग मनगटास जमिनीशी जोडलेला पट्टा बांधावा. याचा अनेकांना कंटाळा असतो; परंतु स्थिर विजेचा झटका माणसास जाणवण्यास सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, आणि काही नाजूक चिप्स १०० व्होल्टच्या आतही दुखावतात. हानी होऊन जाते व करणाऱ्यास तिचा पत्ताही नसतो. त्या पट्ट्यात १० लाख ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो, तो माणसाच्या रक्षणासाठी: चुकून वाहत्या विजेस स्पर्श झालाच, तर अंगातून जाणारा प्रवाह त्यामुळे मर्यादित राहतो.

पुढची उलगड शिस्तीची आहे. कोणती तार कोठे होती याचे छायाचित्र घ्यावे. डिस्कना क्रमांक द्यावेत. रॅमच्या पट्ट्या ज्या खाचेतून निघाल्या त्याच खाचेत परत जाव्यात. सर्वांत जपावयाचे ते प्रोसेसरचे सॉकेट. २०१७ साली आलेल्या इंटेल झिऑन प्रोसेसरांच्या सॉकेटमध्ये ३,६४७ टाचण्या असतात, आणि त्या प्रोसेसरला नसून फलकालाच असतात. एक जरी वाकली, तरी नवा कोरा फलक रॅमच्या काही खाचा ओळखीनासा होतो. हीट सिंकखालचा जुना लेप पुसून नवा लावावा. असो, हाताचे काम येथे संपते.

खरी परीक्षा त्यानंतर आहे. पेटी तीच असली तरी नव्या फलकास आपण कोण हे ठाऊक नसते. यंत्राचा अनुक्रमांक फलकावरील स्मृतीत असतो, आणि नवा फलक त्या बाबतीत कोरा येतो. काही यंत्रांत त्याची एक प्रत फलकाबाहेरही ठेवलेली असते व पहिल्या सुरुवातीस ती परत घेता येते. इतरत्र तो हाताने भरावा लागतो. तो चुकला, तर हमी आणि परवाने यांचा घोळ मागे लागतो. फलकावरील जाळेजोडणीचा मॅक पत्ताही बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर विसंबलेले जाळे नव्या पाहुण्यास दारातच अडवते.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. टीपीएम नावाची एक चिप डिस्कवरील कुलूपबंद माहितीची किल्ली सांभाळते. अनेक सर्व्हरांत ती एकदा बसविली की त्याच फलकाशी बांधली जाते, दुसऱ्यावर नेता येत नाही. विंडोजमधील बिटलॉकरने डिस्क बंद केली असेल, तर नव्या फलकावर ४८ अंकी पुनर्प्राप्तीची किल्ली मागितली जाते. ती कोणी जपून ठेवली नसेल, तर डिस्क सुस्थितीत असूनही खातेवह्या, रुग्णांची टिपणे, विद्यार्थ्यांचे गुण, सारे काही कायमचे दृष्टिआड होते. तेव्हा ती किल्ली हाती आल्यावाचून पहिला स्क्रूदेखील काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र गुंफण्याच्या व्यवस्थेची. ती सांभाळणारी चिप फलकावरच असेल, तर नवी चिप जुन्या डिस्क पाहून 'ही मांडणी परकी आहे' असे सांगते आणि दोन पर्याय पुढे ठेवते: इम्पोर्ट करा किंवा क्लिअर करा. पहिल्याने मांडणी जशीच्या तशी स्वीकारली जाते, दुसऱ्याने तिची नोंद पुसली जाते. रात्रीचे दोन वाजलेले, व्यवस्थापक पाठीशी उभे, अशा घडीला 'क्लिअर' हा शब्द मोठा निरुपद्रवी वाटतो. तेथे बोट आवरावे. प्रत्येक डिस्क आपापल्या जागी आहे हे पाहावे, आणि मगच इम्पोर्ट निवडावे. आदल्या दिवशीची प्रत दुसऱ्या यंत्रावर असली, तर हे धैर्य सोपे जाते.

जुना फलक परत पाठवावयाचा असेल, तर नव्या सॉकेटवरचे झाकण काढून जुन्यावर बसवावे. दूरस्थ व्यवस्थापनाच्या चिपमध्ये वापरकर्त्यांची नावे व परवलीचे शब्द राहिलेले असतात. फलकात धुगधुगी असेल तर तेही आधी पुसावेत, आणि मग तो स्थिर विजेपासून रक्षण करणाऱ्या पिशवीत बंद करावा.