प्रौढ वयात पाण्याशी ओळख

तंजावर जिल्ह्यातील नद्या बारमाही नाहीत. मेट्टूर धरणातून शेतीसाठी पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून आणि ते बंद करण्याची २८ जानेवारी. पावसाने हात आखडता घेतला तर ही तारीख लांबते. सुटलेले पाणी कल्लणैच्या पुरातन बांधाशी आले, की कावेरी, वेण्णारु आणि ग्रँड अनिकट कालवा अशा वाटांनी ते विभागले जाते. या कालव्याला तंजावरकर ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, असे म्हणतात. ऑगस्टच्या आरंभी आडि महिन्याचा अठरावा दिवस येतो. त्या दिवशी बायका घाटावर कावेरीची पूजा करतात आणि मुले त्याच पायऱ्यांवरून सूर मारतात. ती कोणाकडून शिकली, हे त्यांनाही सांगता येणार नाही. थोरला भाऊ, केळीचा बुंधा आणि दोनचार गटांगळ्या एवढीच त्यांची शाळा.

प्रश्न उरतो तो या शाळेत बालपणी न गेलेल्या माणसाचा. कोणी नोकरीनिमित्त कोरड्या मुलखातून आलेला असतो. कोणाला एकुलता एक म्हणून आईने पाण्याजवळ जाऊ दिलेले नसते. मुलींच्या बाबतीत तर घाटावर बुडी मारण्यापलीकडे परवानगीच नसे. अशा माणसाचे वय चाळीस होते, त्याची मुले पाण्यात उतरू लागतात, आणि काठावर कपडे सांभाळत बसलेल्या बापाच्या मनात एक विचार घर करतो: पोराचा पाय घसरला, तर आपण काय करणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी पोहता न येणारा माणूस उडी घेतो आणि एकाऐवजी दोघे जातात, ही गोष्ट नदीकाठच्या कोणत्याही गावाला नवी नाही.

प्रौढाला पोहणे जड का जावे? शरीर आड येते म्हणून, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. स्नायू आणि हाडे पाण्याहून जड, चरबी पाण्याहून हलकी. त्यामुळे चाळिशीनंतर सुटलेल्या पोटाला समाजात मान नसला तरी पाण्यात तो आहे. सडपातळ तरुणापेक्षा असा गृहस्थ सहज तरंगतो. छातीत श्वास भरलेला असताना तर बहुतेक माणसे आपोआप तरंगतात. अडचण आहे ती भीतीची आणि भीतीमुळे बिघडणाऱ्या श्वासाची. घाबरलेला माणूस तोंड पाण्याबाहेर काढण्यासाठी मान ताठ वर उचलतो. चारपाच किलोचे डोके पाण्याचा आधार सोडून वर गेले, की त्या प्रमाणात कंबर आणि पाय खाली बसतात. मग तो हातांनी पाणी बडवू लागतो, श्वास कोंडून धरतो आणि अर्ध्या मिनिटात दमतो. मुलाला हे कळत नाही, म्हणूनच ते तरते. प्रौढाला बुडण्याचा अर्थ ठाऊक असतो.

तेव्हा प्रौढाचा पहिला धडा हातपाय मारण्याचा नव्हे, श्वास सोडण्याचा असावा. छातीएवढ्या संथ पाण्यात उभे राहून तोंड बुडवावे आणि नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडावेत. हे आठवडाभर केले तरी वेळ वाया गेला असे नाही. नंतर पायरीला धरून पालथे तरंगणे, मग उताणे तरंगणे, मग पाय, आणि हात सर्वांत शेवटी. महाराष्ट्रात विहिरीत ढकलून देऊन शिकविण्याची जी मर्दानी पद्धत आहे, ती दहा वर्षांच्या मुलाला कदाचित मानवेल. पंचेचाळिशीच्या गृहस्थाला ती आयुष्यभर पाण्यापासून दूर ठेवील. त्याला पाठीशी बांधलेला भोपळाच बरा.

शिकण्याची जागाही पारखून घ्यावी लागते. तंजावरच्या किल्ल्यातील शिवगंगा तळ्याचे पाणी एके काळी राजवाड्याला पिण्यासाठी जाई. अशा पाण्यात कोणी पोहायला शिकवीत नाही. दगडी घाटाची पायरी खोली हळूहळू वाढवते, हा तिचा गुण. शेवाळ हा दोष. नदीच्या पात्रात वाळू उपसल्यामुळे पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यातून एकच पाऊल पुढे टाकावे आणि तळ नाहीसा व्हावा, असे तेथे घडते. कालव्याचे पाणी दिसायला शांत, पण ओढ जबर. बाजू काँक्रीटने बांधलेल्या असतील तेथे वर येताना हाताला धरायला काही सापडत नाही. नवशिक्याने तेथे उतरूच नये.

वयात आल्यावर शिकून माणूस कोठवर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण याच किनाऱ्याजवळ घडले. मिहिर सेन विशीत कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांना पोहण्याचा फारसा सराव नव्हता. तेथे ते धडे घेऊन नीट पोहायला शिकले, पहिल्या अपयशांनी खचले नाहीत आणि १९५८ साली इंग्लिश खाडी पोहून गेले. तंजावर जिल्ह्यातील अदिरामपट्टिणमसारख्या गावांपुढे जो समुद्र पसरला आहे, तीच पाल्कची सामुद्रधुनी. १९६६ च्या एप्रिलमध्ये सेन तलैमन्नारहून निघाले आणि पंचवीस तासांहून अधिक काळ पोहून धनुष्कोडीला लागले. त्यापूर्वी अवघ्या सोळा महिन्यांखाली वादळाने ते गाव उद्ध्वस्त केले होते. विशी आणि चाळिशी यांत अंतर आहे, हे खरे. पण सामुद्रधुनी आणि घाट यांतही आहेच.

घाटावरच्या शिकाऊ गृहस्थाला पन्नास हात पोहता आले तरी पुष्कळ. तेवढ्याने तो स्वतः पडला तर काठ गाठू शकेल. दुसऱ्याला वाचविण्यासाठी मात्र त्याने उडी घेऊ नये. पायरीवर आडवे पडून धोतर, साडी किंवा दोर फेकावा, केळीचा बुंधा ढकलावा आणि माणसांना हाक मारावी. बुडणारा हाताला लागेल त्याला मिठी मारतो, आणि ती मिठी सोडविणे कसलेल्या पोहणाऱ्यालाही कठीण जाते.

जानेवारीअखेर पाणी ओसरू लागते आणि शिकणे थांबते. जूनमध्ये नदी परत येते, तेव्हा हातपाय बहुधा काही विसरलेले नसतात; श्वासाची लय तेवढी पहिले दोनतीन दिवस पुन्हा पायरीवर उभे राहून बसवावी लागते.