रूळ तापला की मोजतात. माणूस तापला तर?

(कामगार अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘वैद्यकीय व पर्यावरणविषयक नवे संशोधन’ असा लिहिला आहे. तो वाचून काही मंडळी चहाच्या टपरीकडे वळली, हे मी इथून पाहिले. त्यांना दोष देत नाही. संशोधन म्हटले की पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि पिंजऱ्यातले उंदीर डोळ्यांसमोर येतात. पण आज मी ज्या संशोधनाबद्दल बोलणार आहे, त्यात उंदरांच्या जागी आपणच आहोत. पोस्टमन, बसचे कंडक्टर, इंजिनवरचे फायरमन, रात्रपाळीच्या परिचारिका, ऊसतोडणी मजूर यांच्या हजेरीपटावरून, पेन्शनच्या नोंदींवरून आणि मृत्यूच्या दाखल्यांवरून हे शास्त्र उभे राहिले. ज्यांच्या अंगावरून ते सिद्ध झाले, त्यांना त्याचा निकाल मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवतो.

सुरुवात एका जुन्या अभ्यासापासून करतो, कारण पुढची सगळी रीत तिथे पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वाढू लागली. डॉ. जेरी मॉरिस यांनी कामधंद्याप्रमाणे या मृत्यूंची वाटणी करून पाहायचे ठरवले. लंडनच्या दुमजली बसवर दोन माणसे असत. दोघांची वस्ती, राहणी आणि पगार साधारण एकाच पातळीचा. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून, तर कंडक्टर दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर उशिरा व सौम्य होता. मॉरिस यांनी मग टपाल खाते घेतले. पायी व सायकलने टपाल वाटणारे पोस्टमन एका बाजूला, कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर दुसऱ्या बाजूला. तिथेही तोच प्रकार.

शंकेखोर म्हणाले, लठ्ठ माणूसच ड्रायव्हर होत असेल. तेव्हा मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदी मागवल्या! कोणाची पँट किती कमरेची, हे तिथे लिहिलेलेच होते. ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली खरी. पण सारख्याच कमरेचे ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी ठेवले, तरी कंडक्टरचे पारडे जड राहिले. हे १९५६ साली छापून आले. शिंप्याच्या मापांवरून शास्त्र पुढे गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता रेल्वेकडे येऊ. अमेरिकेतील रेल्वे १९४५ ते १९५९ च्या सुमारास कोळशावरून डिझेलवर आली. डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो का, हे पाहण्यासाठी एरिक गार्शिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन मंडळाच्या नोंदी वापरल्या. सुमारे ५५ हजार कर्मचारी, १९५९ ते १९९६ असा काळ. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड अशा गाडीवर काम करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, धुराशी संबंध नसलेल्या कर्मचाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त. यात एक कच्चा दुवा होता. नोकरीची वर्षे वाढली तसा धोका वाढताना दिसत नव्हता. मालकवर्गाने तेवढेच धरून ठेवले. पुढे अमेरिकेतील खाणींमध्ये १२ हजारांवर कामगारांचा अभ्यास झाला. खाणमालकांच्या बाजूने न्यायालयात खेटे घातले गेल्याने तो प्रसिद्ध व्हायला उशीर झाला. २०१२ च्या मार्चमध्ये तो बाहेर आला. त्यात जितका धूर जास्त, तितका धोका जास्त, असे स्पष्ट दिसले. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर आणि अॅसबेस्टॉस त्याच गटात आहेत.

आपल्याकडे ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पुरे झाले, म्हणून हा प्रश्न मिटला असे समजू नका. शेडमध्ये, ट्रॅक मशीनवर, जनरेटरच्या डब्याजवळ आणि बोगद्यातल्या कामावर डिझेल आहेच. ज्यांनी तीस वर्षे डिझेल इंजिनावर काढली ते आज निवृत्त आहेत. त्यांचा खोकला ‘वयाचा’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना आपण काय काम करत होतो, हे आवर्जून सांगावे. विचारायचे डॉक्टरांच्याही पुष्कळदा राहून जाते.

आता रात्रपाळी. रेल्वेत आणि आर.एम.एस.मध्ये तिच्याविषयी नव्याने सांगायला नको. आपल्या शरीराच्या पेशीपेशीत एक घड्याळ चालते. ते कसे चालते याचा शोध फळमाशीवर लावणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. साखर कधी पचवायची, रक्तदाब कधी खाली आणायचा, झोप कधी आणायची, हे त्या घड्याळावर ठरते आणि ते सूर्याच्या उजेडावर जुळते. ड्युटीचा रोस्टर त्याला कळत नाही.

त्याचे परिणाम काय? २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३४ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात वीस लाखांवर माणसे होती. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २३ टक्के जास्त आढळला. कर्करोगाबाबत चित्र इतके स्वच्छ नाही आणि ते तसेच सांगितले पाहिजे. जागतिक संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आणि २०१९ मध्ये फेरतपासणी करून ते मत कायम ठेवले. डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षे रात्रपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे ४० महिलांना २००९ पर्यंत नुकसानभरपाई दिली गेली. पण २०१६ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या पाहण्या आणि इतर अभ्यास मिळून सुमारे १४ लाख महिलांची आकडेवारी तपासली गेली, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाशी असा संबंध दिसला नाही. वाटाघाटीच्या टेबलावर हा दुसरा अभ्यास समोरचा माणूस काढणारच. तेव्हा कर्करोगाच्या मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नये. हृदय आणि अपघात हे मुद्दे जास्त भक्कम आहेत.

अपघाताचा आकडा तर लिहूनच घ्या. सायमन फोकर्ड आणि फिलिप टकर या संशोधकांनी २००३ मध्ये निरनिराळ्या उद्योगांतील आकडे एकत्र मांडले. पहिल्या रात्रीच्या तुलनेत सलग दुसऱ्या रात्री अपघाताचा धोका सुमारे ६ टक्के जास्त, तिसऱ्या रात्री १७ टक्के आणि चौथ्या रात्री ३६ टक्के. सलग चार नव्हे, दोनच रात्रपाळ्या असाव्यात, ही लोको पायलटांची मागणी २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेवर जोराने पुढे आली. ती ऐषआरामाची मागणी आहे असे कोणी म्हटले, तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत. त्या चौथ्या रात्री गाडीत झोपलेले हजार प्रवासीही त्या मागणीत येतात. आणि रात्रपाळी भत्ता? २०२० च्या आदेशाने ४३,६०० रुपये मूळ पगाराची कमाल मर्यादा त्याला घातली गेली. शरीरातले घड्याळ मूळ पगार बघून चालत नाही, एवढेच म्हणतो.

डब्याबद्दल एक गोष्ट. हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी २०२१ मध्ये १९ निरोगी तरुण माणसांवर कृत्रिम रात्रपाळीचा प्रयोग केला. रात्री जेवणाऱ्यांच्या रक्तातील साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. रात्री जागून जे फक्त दिवसा जेवले त्यांची वाढली नाही. माणसे अवघी १९, तेव्हा यावर नियम बांधू नका. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ हलवू नये. पण रात्री दोन वाजता भरपेट वरण-भात आणि वर गोड चहा, ही सवय जरा तपासायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

लांब वेल्ड केलेल्या रुळाचे नियम आपल्या इंजिनिअरिंगच्या मंडळींना पाठ आहेत. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवला, त्याच्यापेक्षा २० अंशांनी जास्त तापला की उन्हाळी गस्त सुरू करायची. त्यासाठी रुळाला लावायचा थर्मामीटर आहे आणि लिहायची वही आहे. हे सगळे योग्यच आहे, नाहीतर रूळ वाकेल आणि गाडी घसरेल. पण त्या रुळाशेजारून भर दुपारी गस्तीवर चालणारा ट्रॅकमन किती तापला, यासाठी त्या पुस्तकात थर्मामीटर नाही. पोस्टमनच्या बीटवर तर कोणताच नाही.

माणूस कसा तापतो? शरीर काम करताना उष्णता तयार करते आणि घाम सुकवून ती बाहेर टाकते. हवा दमट असेल तर घाम सुकत नाही, नुसता गळतो. म्हणून नुसते तापमान पाहून भागत नाही. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून येणारे ‘ओले तापमान’ पाहावे लागते. ओले तापमान ३५ अंशांवर गेले की माणूस तग धरू शकत नाही, असे २०१० मध्ये गणिताने मांडले गेले होते. २०२२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांना प्रत्यक्ष तापलेल्या खोलीत ठेवून पाहिले. ती अगदी हलके काम करत होती. तरी दमट हवेत ३०-३१ अंश ओल्या तापमानालाच त्यांच्या शरीराचा तोल सुटू लागला. कोरड्या, जास्त उष्ण हवेत तो त्याहूनही कमी ओल्या तापमानाला सुटला. म्हणजे कोकण-मुंबईची मे महिन्यातली चौतीस अंशांची घामट दुपार आणि भुसावळ-नागपूरची पंचेचाळीसची कोरडी दुपार, दोन्ही आपापल्या परीने घातक आहेत. आणि पन्नाशीचा ट्रॅकमन खांद्यावर अवजारे घेऊन हलके काम करत नसतो.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर हिशेब केला तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. बहुतेकांच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ नसणार, हे उघड आहे. उष्णता हृदय बंद पाडते आणि दाखल्यावर हृदय येते. त्या उन्हाळ्याच्या अनुभवानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे इतर शहरांनी तो उचलला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ मध्ये अंदाज दिला की जगात २४१ कोटी कामगार दरवर्षी अतिउष्णतेत काम करतात.

उष्णतेचा दुसरा मार सावकाश बसतो. निकाराग्वा, एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील देशांत उसाच्या फडावरचे तिशी-चाळिशीतले मजूर मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. पुन्हापुन्हा तापणे, घामाने सुकणे आणि अंगमेहनत याने मूत्रपिंड थोडे थोडे जळत जाते, असे आता बहुतेक संशोधक मानतात, जरी इतर कारणांचा शोध चालू आहे. तमिळनाडूत ३५२ मिठागर कामगारांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे सात टक्क्यांचे मूत्रपिंड कमी काम करत असल्याचे आढळले. तिथे बायका दिवसभर पाणी टाळतात, कारण शौचालय नाही. हे ऐकून इथे समोर बसलेल्या भगिनी एकमेकींकडे का पाहत आहेत, ते मला समजते. इंजिनात, गेटवर, सेक्शनवर शौचालय नसणे हा आजवर सोयीचा प्रश्न मानला गेला. तो मूत्रपिंडाचा प्रश्न आहे. त्याच राज्यात ८०० गरोदर कामकरी स्त्रियांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्णतेत काम करणाऱ्यांमध्ये गर्भपात व मृतजन्माचा धोका सुमारे दुप्पट होता.

निकाराग्वाच्या अनुभवातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. तिथे पाणी प्या असे सांगून फारसे भागले नाही. पाण्याबरोबर सावलीतल्या विश्रांतीच्या वेळा ठरवून वाढवल्या, तेव्हा मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण घटले. प्रशासनाला बाटल्या आणि ओआरएसच्या पुड्या वाटायला आवडते, कारण त्याने माणूस-तास जात नाहीत. आपण त्या पुड्या जरूर घ्याव्यात. मागणी मात्र विश्रांतीची, सावलीची आणि बीटची वेळ सकाळी आणण्याची ठेवावी. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी २०२५ च्या संयुक्त अहवालात म्हटले आहे की, ऊन, ओलावा आणि वारा धरून काढलेले तापमान २० अंशांच्या वर गेले की दर अंशाला काम दोन ते तीन टक्क्यांनी घटते. तेव्हा दुपारची विश्रांती दिल्याने कामाचे नुकसान होते, हे म्हणणे टिकत नाही.

मॉरिस यांच्याजवळ गणवेशाच्या नोंदी होत्या, गार्शिक यांच्याजवळ पेन्शनच्या. आपल्याजवळ काय आहे? म्हणून प्रत्येक शाखेने एप्रिल ते जून एक वही ठेवावी. तारीख, वेळ, बीट किंवा किलोमीटर, हवामान खात्याने दिलेले त्या दिवसाचे तापमान व आर्द्रता, सावली कुठे होती, पाणी कुठे मिळाले, कोणाला चक्कर, पेटके, उलटी किंवा लघवी गडद होण्याचा त्रास झाला. एवढे रकाने पुरेत. त्रास झालेल्याचे नाव लिहू नका, वय आणि पद लिहा. रुळाच्या तापमानाची नोंद गँगकडे असतेच, ती शेजारी उतरवून घ्या. जुलैमध्ये सगळ्या वह्या एकत्र करून आकडे पी.एन.एम.च्या बैठकीत आणि टपाल खात्याच्या बैठकीत ठेवता येतील. रकान्यांचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. ट्रॅकमनचा वेगळा आणि पोस्टमनचा वेगळा आहे, जाताना आपापला घ्या.