वाचनालयाचा अर्ज आणि जनतेचा पैसा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

गावातील किंवा वस्तीतील वाचनालयासाठी स्थानिक निधी मागण्याचा अर्ज कसा करावा, हा विषय राजकीय अभ्यासवर्गात कशाला, असे काही साथींना वाटणे स्वाभाविक आहे. अर्ज-विनंत्या हे कारकुनी काम, आपले काम संघर्षाचे, अशी एक समजूत आपल्यात रुजलेली आहे. या समजुतीचा परिणाम असा होतो की, पंचायतीचा आणि खासदारांच्या वाट्याचा निधी दरवर्षी खर्च होतो, त्यातून कोणाच्या तरी दारापुढे पेव्हर ब्लॉक बसतात, कोणाच्या तरी नावाची कमान उभी राहते. आणि शेतमजुरांच्या, विडी कामगारांच्या, असंघटित श्रमिकांच्या वस्तीतील मुले मात्र अभ्यासाला जागा नाही म्हणून रस्त्यावरील दिव्याखाली बसतात. हा पैसा कोणाचा आणि तो कोणी कशासाठी मागायचा, हा प्रश्न म्हणूनच पूर्णपणे राजकीय आहे.

निधी निधीत फरक

प्रथम एक सैद्धांतिक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. १९८४ साली कॉ. प्रकाश करात यांनी 'द मार्क्सिस्ट' या त्रैमासिकात परकीय पैशावर चालणाऱ्या स्वयंसेवी गटांच्या राजकारणाची चिकित्सा केली होती. जनतेला लढ्यापासून दूर नेऊन प्रकल्पांच्या चौकटीत बसविणाऱ्या या प्रवृत्तीविषयीचा तो इशारा आजही मोलाचा आहे. परंतु त्यातून 'बाहेरचा कोणताही पैसा अस्पृश्य' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. परकीय देणगी, कंपनीची देणगी आणि सार्वजनिक निधी या तीन भिन्न गोष्टी आहेत. काडेपेटी विकत घेणारी शेतमजूर बाईदेखील कर भरते. घरपट्टी आणि पाणीपट्टी तर ती थेट भरते. तिच्या वस्तीत वाचनालय व्हावे म्हणून पंचायतीच्या तिजोरीतून रक्कम मागणे म्हणजे तिचाच पैसा तिच्याकडे वळविण्याची मागणी करणे होय. ही मागणी हात जोडून करण्याचे कारण नाही. तशीच ती अर्धवट कागदपत्रांनिशी करून भागणार नाही.

कंपन्यांच्या निधीबाबत वेगळा विचार हवा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालयांचाही समावेश आहे. हा नफा मुळात श्रमिकांच्या श्रमातून निर्माण झालेला आहे, हे खरे. पण कोणाला किती द्यायचे, याचा निर्णय कंपनीच्या संचालक मंडळाकडेच राहतो. ज्या कारखान्याच्या फाटकावर आपल्या युनियनचा झेंडा आहे, अथवा ज्या कंपनीसाठी परिसरातील जमीन संपादित होत आहे, तिच्या पैशातून वाचनालयाचे कपाट घेतले, तर उद्या त्याच वाचनालयात लढ्याची सभा घेताना विश्वस्तांची जीभ अडखळेल. म्हणून तेथे नकार हेच धोरण असावे.

इतिहास काय सांगतो?

ग्रंथालयांना सार्वजनिक पैसा मिळावा ही मागणी आपल्याकडे नवी नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारले. तेथे ग्रामग्रंथालयासाठी लोकांनी वर्गणी जमवायची, तेवढीच भर पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने, अशी पद्धत होती. संस्थानी राजवटीच्या मर्यादा आपण जाणतो. तरीही लोकांचा वाटा, स्थानिक संस्थेचा वाटा आणि राज्याचा वाटा हे सूत्र त्या काळी व्यवहारात आले होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांसाठी कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मद्रास कायद्याने ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकर लावला.

केरळचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे. १९४५ मध्ये अंबलप्पुळा येथे पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने सत्तेचाळीस ग्रंथालयांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यातून ग्रंथशाळा संघाची चळवळ वाढली. ही वाचनालये शेतकरी, विणकर, विडी कामगार यांच्या वर्गणीवर जगली. कन्नूरकडील विडी कारखान्यांत एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचत असे आणि बाकीचे विड्या वळता वळता ऐकत. वाचणाऱ्याच्या वाट्याचे काम इतर जण उचलत. जी जनता आधी स्वतःच्या श्रमातून वाचन पोसते, तिलाच पुढे राज्यापुढे हक्क मांडता येतो. १९८९ च्या केरळ सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने इमारत कराबरोबर ग्रंथालय उपकर वसूल करण्याची तरतूद केली. १९९६ साली लोकनियोजन मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चाचा पस्तीस ते चाळीस टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे ठरले. तेव्हा गावोगावच्या वाचनालयांना आपला प्रस्ताव ग्रामसभेत मांडता आला.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात उपकराची तरतूद नाही. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांना राज्याच्या अर्थसंकल्पातून अनुदान मिळते. म्हणजे एका ठिकाणी कायद्याने बांधलेला महसूल आहे, तर दुसऱ्या ठिकाणी दरवर्षी तरतुदीची वाट पाहणे आहे. उपकराची मागणी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर असलीच पाहिजे. ती मान्य होईपर्यंत हाताशी असलेले मार्ग मात्र मोकळे सोडून चालणार नाही.

पैसा कोठे असतो आणि कसा हलतो

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची आली, तिच्यातील २९ विषयांत 'ग्रंथालये' हा विषय स्पष्टपणे आहे. तेव्हा 'हे आमच्या कक्षेत येत नाही' असे ग्रामपंचायतीने सांगितले, तर तिला ही अनुसूची दाखवावी. पंचायतीकडील वित्त आयोगाच्या पैशाचे स्वरूप मात्र समजून घ्यावे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधून दिली होती. उरलेली ४० टक्के अबंधित होती, तीही पगार व आस्थापनेवर खर्च करता येत नव्हती. अर्थात ग्रंथपालाचे मानधन मागणारा अर्ज तेथे पहिल्याच टेबलावर अडणार, आणि खोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पुढे जाऊ शकणार. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून महिला व बालकल्याणावर १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करावयाचा असतो. वस्तीतील मुलींच्या अभ्यासिकेचा प्रस्ताव या तरतुदींना धरून मांडता येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. गावाचा विकास आराखडा तयार होण्याची प्रक्रिया २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. आराखड्यात जे काम नाही, त्यासाठी मार्चमध्ये कितीही सुंदर अर्ज लिहिला तरी तो व्यर्थ जातो. म्हणून आधी महिला सभेत आणि वॉर्ड सभेत ठराव, मग ग्रामसभेत ठराव, आणि ठरावाची प्रत हाती आल्यावर अर्ज, हा क्रम पाळावा. ग्रामसभेत आपली पन्नास माणसे बसलेली असतील तर त्या अर्जाला वजन येते; एकटा सचिव पाकीट घेऊन गेला तर तो केवळ एक कागद असतो.

खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीबाबतही गैरसमज फार आहेत. ही योजना १९९३ पासून आहे आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराच्या वाट्याला वर्षाला पाच कोटी रुपये येतात. खासदार पैसे देत नाही. तो कामाची शिफारस करतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. वार्षिक वाट्यापैकी किमान १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांतील कामांसाठी सुचवायची असते. आपल्या जिल्ह्यात ती कोठे सुचविली गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. २००५ च्या या कायद्याने उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली आहे. अशी यादी हाती असली की 'निधी शिल्लक नाही' या उत्तराला प्रत्युत्तर देता येते.

कागद हे लढ्याचे हत्यार

आता प्रत्यक्ष तयारी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात त्याखेरीज १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद लागते. गुजरातमध्येही विश्वस्त व्यवस्थेचा हाच मूळ कायदा चालत आला आहे. मध्य प्रदेशात १९७३ चा, कर्नाटकात १९६० चा आणि तेलंगणात २००१ चा संस्था कायदा पाहावा लागेल. इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या मराठी साथींनी महाराष्ट्रातील नमुना जशाचा तसा उचलू नये.

नोंदणीपेक्षाही आपल्या संस्था अडतात त्या फेरफार अहवालापाशी. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत तो दाखल करावा लागतो. आपल्याकडे नवी समिती निवडली जाते, टाळ्या वाजतात, आणि कागदोपत्री मात्र दहा वर्षांपूर्वीचे, कधी कधी दिवंगत झालेलेही, विश्वस्त राहतात. मग बँक खात्यावरील सह्या एकाच्या, अर्जावरील दुसऱ्याच्या आणि धर्मादाय कार्यालयातील नोंद तिसऱ्याच्या नावाची. अशा अर्जाचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही. त्यावर 'सरकार पक्षपाती आहे' असा आरोप करणे सोपे असते. परंतु पक्षपाताला आपणच निमित्त पुरवलेले असते.

हिशोबाचेही तसेच. किर्द रोजची रोज लिहावी, प्रत्येक खर्चाला व्हाउचर असावे, वर्गणीची पावती लगेच फाडावी, आणि ३१ मार्चला हिशोब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावे. तपासलेला ताळेबंद वस्तीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. लेखापरीक्षकाच्या सहीहून विडी वळणाऱ्या बाईच्या प्रश्नाला उत्तर देणे अधिक कठीण असते, आणि तेच खरे लेखापरीक्षण होय.

अर्जातील मागणी नेमकी हवी. 'वाचनालयास भरघोस मदत मिळावी' असे लिहून काही साधत नाही. समजा, वीस मुलांच्या अभ्यासिकेची मागणी आहे. मग किती टेबले, किती बाके, किती दिवे, छताचे किती पत्रे बदलावयाचे, हे मोजून लिहावे. तीन दुकानांची दरपत्रके जोडावीत. रोज किती मुले येतात याची हजेरीवही जोडावी. जागा कोणाच्या नावावर आहे, तिचा उतारा जोडावा. आणि वस्तीने स्वतः काय दिले, मग ती वर्गणी असो वा श्रमदान, तेही नोंदवावे. अर्जावर पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. मुदतीत उत्तर न आल्यास स्मरणपत्र, मग शिष्टमंडळ, मग धरणे. या पायऱ्या एकमेकींना पूरक आहेत. कागद पक्का असेल तर धरण्याला बळ येते, आणि धरण्याची तयारी असेल तर कागद हलतो.

धोके

निधी मिळाल्यानंतरची परीक्षा अधिक अवघड असते. पहिला धोका ठेकेदाराचा. काम मंजूर होताच टक्केवारीची कुजबुज सुरू होते. अंदाजपत्रकाची प्रत मागून घेऊन ती वाचनालयाच्या दारावर लावणे, हा तिच्यावरील साधा आणि परिणामकारक उपाय आहे.

दुसरा धोका जागेचा. वाचनालय देवळाच्या ओसरीत किंवा पाटलाच्या वाड्यालगत झाले, तर दलित वस्तीतील मुलगी संध्याकाळी तेथे येईल काय? प्रस्तावातच जागा आणि वेळा अशा मागाव्यात की, जिच्या नावाने पैसा मागितला तिला तो दरवाजा खरोखर उघडा राहील.

तिसरा धोका आपल्यातूनच संभवतो. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली खोली सर्व गावाची असते. तिचा एक रुपयाही पक्षाच्या कामासाठी वळता कामा नये, आणि विरोधी पक्षाच्या माणसाच्या मुलालाही तेथे तेच बाक मिळाले पाहिजे. आपला प्रभाव पाटीवरील नावातून वाढत नाही. दिवा रोज वेळेवर लावणारा कार्यकर्ता कोण, हे लोक पाहत असतात.

चौथा आणि सर्वांत गंभीर धोका अवलंबित्वाचा. अनुदान सुरू झाले की वर्गणी गोळा करणे थांबते, घरोघरी जाणे थांबते, आणि एखाद्या वर्षी अनुदान रखडले की कुलूप लागते. यासाठी एक नियम कसोशीने पाळावा. दिवाबत्ती, वर्तमानपत्रे यांसारखा रोजचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून. खोली, छत, कपाटे, बाके असा एकवेळचा खर्च सार्वजनिक निधीतून. असे केले तर सत्तेवर कोणीही असो, तो आपले वाचनालय बंद पाडू शकणार नाही.

तातडीची कामे

कॉम्रेड्स, या अभ्यासवर्गातून परत जाताना तीन कामे घेऊन जाऊ या. आपल्या प्रभावाखालील प्रत्येक नोंदणीकृत संस्थेचा फेरफार अहवाल आणि लेखापरीक्षण अद्ययावत आहे काय, हे तपासा. ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी वस्तीची सभा घेऊन एक नेमका प्रस्ताव तयार करा. शहरी भागातील साथींनी प्रभागाच्या पातळीवर तसेच करावे. आणि ग्रंथालय उपकराच्या मागणीवर सह्यांची मोहीम सुरू करा. एक खोली, वीस बाके आणि चार दिवे यांनी व्यवस्था बदलत नाही, हे आपण जाणतो. पण ज्या वस्तीने आपला पैसा ओळखला, तो मागितला, मिळविला आणि त्याचा पैन् पै हिशोब स्वतः तपासला, ती वस्ती पुढच्या लढ्यात कोणाच्या उपकाराच्या भाषेला भुलत नाही.

लाल सलाम!