नरक्याचं ऋण



"आजारातून कशी सावरलीस गं?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून थोडं बोलते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मला इरिनोटेकॅन हे औषध सलाईनमधून दिलं जायचं. ते कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून बनतं. एका चिनी झाडातून हे द्रव्य शोधलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, १९६६ साली. वाणींचा जन्म आपल्या नंदुरबारचा! तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे. फुलांना दुर्गंध येणारं हे झाड, पण बेसुमार तोडीमुळे तेच आता धोक्यात आहे.

उपचार संपले तरी भीती संपेना. रात्री झोप नाही. मग माहेरच्या देवराईत जाऊन बसू लागले. तिथून वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, हा वाडवडिलांचा नियम. काही न्यायचं नाही, नुसतं बसायचं. हळूहळू गुळवेल, शतावरी, अडुळसा ओळखता येऊ लागले. एक दिवस लक्षात आलं, तासभर आपण रिपोर्टचा विचारच केला नाही!

एक मात्र हात जोडून सांगते. औषधं सोडून काढ्यांच्या भरवशावर कुणी राहू नका. मला वाचवलं डॉक्टरांनी. जगण्याची गोडी परत दिली देवराईनं.

शाळेत बाईंनी वनस्पती ओळखायला शिकवलं, ते आज कामी येतंय. येत्या पावसाळ्यात आपण सगळे मिळून आपापल्या गावची देवराई पाहू, राखू. एवढं ऋण फेडूया.