मंदीची झळ आणि सेवाभावी रुग्णालये

(सेवाक्षेत्रातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आर्थिक मंदीची चर्चा सुरू झाली की शेअर बाजार, कारखानदारी, बांधकाम व्यवसाय आणि निर्यात यांचा विचार प्रथम होतो. त्या यादीत रुग्णालयाचे नाव सहसा येत नाही. आजार काही बाजारभाव पाहून येत नाही, तेव्हा रुग्णालयाला मंदीचे भय कसले, असा समज समाजात दृढ आहे. प्रत्यक्षात मंदीची झळ रुग्णालयाला लागतेच. आणि जे रुग्णालय गरिबासाठी सर्वाधिक झिजते, त्याला ती सर्वाधिक लागते. हे असे का होते आणि अशा वेळी समाजाचे कर्तव्य कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

महाराष्ट्रात शासकीय रुग्णालय आणि तारांकित खासगी रुग्णालय यांच्या मधोमध एक तिसरी परंपरा उभी आहे. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी १९६६ साली लातूरला गेले आणि तेथे त्यांनी विवेकानंद रुग्णालयाचा प्रारंभ केला. लातूर तेव्हा जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. संभाजीनगरात १९८९ साली समविचारी तरुण डॉक्टरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानच्या माध्यमातून डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. मुंबईत परळला १९६८ पासून नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देत आली आहे. या संस्थांची उभारणी नफ्याच्या अपेक्षेतून झाली नाही. समाजाने दिले, कार्यकर्त्यांनी वेचले आणि डॉक्टरांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे अर्पण केली, तेव्हा या वास्तू उभ्या राहिल्या. अशी संस्था पैशाअभावी मोडली तर केवळ गरिबाचेच नुकसान होते असे नाही. ज्या मध्यमवर्गीय कुटुंबाला मोठ्या खासगी रुग्णालयाचे देयक परवडत नाही आणि शासकीय रुग्णालयातील गर्दीत जाण्याचे धैर्य होत नाही, त्याचाही आधार तुटतो.

न थांबणारा खर्च

रुग्णालयाचे अर्थशास्त्र कारखान्याहून वेगळे आहे. मागणी घटली की कारखानदार एक पाळी बंद करतो. रुग्णालयाला रात्रपाळी बंद करता येत नाही. अतिदक्षता विभागात दोन रुग्ण असोत वा दहा, तेथे परिचारिका हवी, डॉक्टर हवा, प्राणवायू हवा आणि वीज गेली तर जनित्रही हवे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर खाटांच्या एका रुग्णालयाचा मासिक खर्च १ कोटी रुपये आहे. त्यातील ७० लाख वेतन, वीज, कर्जाचे हप्ते आणि यंत्रांची देखभाल यांवर जातात. रुग्ण आले न आले तरी ते द्यावेच लागतात. उरलेले ३० लाख औषधे आणि साहित्य यांवर, म्हणजे रुग्णसंख्येनुसार, खर्च होतात. उत्पन्न १ कोटी ४ लाख आहे. म्हणजे महिन्याला ४ लाख आणि वर्षाला ४८ लाख शिल्लक पडते. आता मंदीमुळे रुग्ण एक चतुर्थांशाने घटले असे समजू. उत्पन्न ७८ लाखांवर येते; खर्च मात्र साडेब्याण्णव लाखांपर्यंतच उतरतो. दरमहा साडेचौदा लाखांची तूट! वर्षभर काटकसरीने साठवलेली शिल्लक साडेतीन महिन्यांच्या आत संपते. एवढ्या बारीक धाग्यावर सेवाभावी रुग्णालयाचा तोल असतो.

परंतु मंदीत रुग्ण घटतात तरी का? कारण आपल्या देशात उपचाराच्या खर्चाचा मोठा भाग कुटुंबाच्या खिशातून जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्य खर्चात हा वाटा ६४ टक्क्यांहून अधिक होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. तरीही १०० रुपयांपैकी ३९ रुपये घरातून जात असतील, तर घरातील नोकरी गेल्यावर मोतीबिंदू, हर्निया आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जाणारच. पुढे ढकललेला आजार बरा होत नाही. तो वाढतो, आणि सहा महिन्यांनी अधिक खर्चिक होऊन त्याच दारात येतो.

दुसरा आघात याहून खोल आहे. सेवाभावी रुग्णालयात स्वतंत्र खोली घेणारा रुग्ण जे अधिक पैसे देतो, त्यांतून सर्वसाधारण कक्षातील गरिबाचा भार उचलला जातो. मंदीत हा संपन्न रुग्ण उपचार लांबवतो किंवा स्वतःच सर्वसाधारण कक्ष मागतो. त्याच वेळी काल सवलत न मागणारा माणूस आज सवलतीचा अर्ज घेऊन येतो. देणारा हात आखडतो आणि मागणारे हात वाढतात. दोन्ही टोकांनी जळणाऱ्या या वातीचे तेल लवकर संपते.

अमेरिकेचा धडा

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. २००८ सालचे अमेरिकेतील आर्थिक संकट तेथील रुग्णालयांनाही भोवले. तेथे बहुसंख्य नोकरदारांचा आरोग्य विमा नोकरीशी बांधलेला असतो. डिसेंबर २००७ मध्ये ५ टक्के असलेली बेकारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली. नोकरीबरोबर असंख्य कुटुंबांचा विमाही गेला. १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या कोणत्याही रुग्णाला पैशाअभावी परत पाठवता येत नाही. परिणामी विमा नसलेले रुग्ण तेथे आले, उपचार झाले आणि देयके थकली. तेथील अनेक धर्मादाय रुग्णालयांचा राखीव निधी भांडवली बाजारात गुंतवलेला होता. बाजार कोसळताच, ज्या दिवशी निधीची सर्वाधिक गरज होती त्याच दिवशी त्याचे मूल्य घटले.

या अनुभवातून सेवासंस्थांच्या विश्वस्तांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अडचणीच्या दिवसासाठी ठेवलेला पैसा बाजाराच्या लाटेवर सोडू नये. त्याच संकटाने आणखी एक गोष्ट शिकवली. २००८ च्या प्रारंभी ४० रुपयांच्या आत असलेला डॉलर मार्च २००९ मध्ये ५० रुपयांच्या पुढे गेला. परदेशातून यंत्रसामग्री मागवणाऱ्या भारतीय रुग्णालयाला तेच यंत्र, तोच सुटा भाग एका वर्षात चतुर्थांशाहून अधिक महाग पडला. स्वदेशीचा आग्रह हा भावनेचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य मांडून पाहावा.

टाळेबंदीतील परीक्षा

२०२० साली भारतातील रुग्णालयांची खरी परीक्षा झाली. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी आली. बाह्यरुग्ण विभाग ओस पडले आणि नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या. गावाकडची वाहतूक बंद असल्याने डायलिसिसच्या रुग्णांनाही पोहोचणे अवघड झाले. उत्पन्न असे आटत असतानाच मुखपट्ट्या, संरक्षक पोशाख आणि निर्जंतुकीकरण यांचा नवा खर्च उभा राहिला. महामारीत रुग्णालयांची चंगळ झाली असे सरसकट बोलले जाते. पहिल्या काही महिन्यांत अनेक लहान व मध्यम रुग्णालयांना वेतनाची जुळवाजुळव करावी लागली, हे मात्र विसरले जाते.

मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर नियंत्रित केले. सर्वसाधारण कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये, असे ते दर होते. लूट रोखण्यासाठी असे नियंत्रण आवश्यकच होते. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्ट २०२० पर्यंत स्थगिती दिली आणि मे २०२१ मध्ये आरोग्य क्षेत्रासाठी ५०,००० कोटी रुपयांची कर्जसुविधा जाहीर केली. हे साहाय्य मोलाचे होते. पण स्थगितीच्या काळातही व्याज चढतच होते आणि कर्ज अखेर कर्जच असते. ज्या संस्थेजवळ आधीची शिल्लक आणि समाजाचा विश्वास होता, तीच या परीक्षेत ताठ मानेने उभी राहिली.

आज शासनाच्या योजनांचा विस्तार झाला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण दिले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा आणि तिची मर्यादाही ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ साली घेतला. मंदीत नोकरी गेली तरी संरक्षण जात नाही, हे या योजनांचे मोठे सामर्थ्य आहे. अमेरिकेतील नोकरदाराला २००८ मध्ये ते लाभले नव्हते. मात्र योजनेखाली झालेल्या उपचारांची रक्कम रुग्णालयाच्या हाती वेळेवर पडली पाहिजे. औषध विक्रेता ठरल्या दिवशी पैसे मागतो, परिचारिकेचे घर महिन्याच्या वेतनावर चालते. रक्कम महिनोन्महिने अडली तर मोठी साखळी रुग्णालये तग धरतात; सेवाभावी संस्था मात्र कर्ज काढून शासनाची योजना चालवत राहते. आपले म्हणून जे शासन आहे, त्याला हे स्पष्टपणे सांगणे हेही कार्यकर्त्याचे कर्तव्यच आहे.

दानाचा ओघ

आता देणग्यांकडे वळू. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. सरासरी तीन वर्षांची असल्याने मंदीचा परिणाम या निधीवर लगेच पूर्णपणे दिसत नाही. पण नफा सावरल्यानंतरही तो रेंगाळतो. शिवाय या निधीतून यंत्र मिळते, इमारत मिळते. ते यंत्र चालवणाऱ्याचे वेतन आणि इमारतीचे वीजदेयक सहसा मिळत नाही. दुसरीकडे, नव्या प्राप्तिकर प्रणालीत देणगीवरील वजावट नाही. करबचतीसाठी मार्च महिन्यात धनादेश लिहिणारा दाता त्यामुळे मागे सरू शकतो. दान हे कराच्या सवलतीसाठी नसून समाजऋण फेडण्यासाठी आहे, हा संस्कार आता कसोटीला लागणार आहे.

करणीय काय?

पहिली गोष्ट घरातील शिस्तीची. बरे दिवस असताना किमान सहा महिन्यांच्या वेतनाइतका निधी सुरक्षित ठेवींमध्ये बाजूला काढण्याचा नियम प्रत्येक सेवाभावी रुग्णालयाने करावा आणि नव्या मजल्याच्या मोहापायी त्याला हात लावू नये.

दुसरी गोष्ट खर्चाची. मदुराईला डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून विनामूल्य शस्त्रक्रिया करणारी ही संस्था जगन्मान्य झाली. डोळ्यांत बसवायचे परदेशी भिंग महाग पडते, हे पाहून १९९२ साली तिने ऑरोलॅब ही स्वतःची निर्मितिसंस्था उभी केली आणि भिंगाची किंमत परदेशी भिंगाच्या अल्पांशावर आणली. प्रत्येकाला कारखाना काढता येणार नाही. परंतु दहा सेवाभावी रुग्णालयांनी औषधे व साहित्य यांची खरेदी एकत्र केली तरी भाव पुष्कळ उतरतो. संघटनेचे महत्त्व आपल्या कार्यकर्त्याला वेगळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट विश्वासाची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या आहेत, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. अशा रुग्णांकडून भरतीच्या वेळी अनामत रक्कम मागण्यास मनाई आहे. मंदीचे कारण सांगून या नियमात पळवाट शोधणारी संस्था स्वतःच्याच मुळावर घाव घालते. किती निर्धन रुग्णांवर उपचार झाले, निधीत किती जमा झाले आणि किती खर्च झाले, हा हिशेब रुग्णालयाच्या दर्शनी भागात फलकावर लावावा. हिशेब उघडा असेल तर समाजाचा हात आखडत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे यांनी महाराष्ट्रभर फिरून माणशी एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांचे पाठबळ लाभलेल्या त्या पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला. पारतंत्र्यातील दरिद्री समाजाने एकेका पैशातून उद्योग उभारला, तर आजच्या मध्यमवर्गाला आपल्या गावचे रुग्णालय सांभाळणे अशक्य नाही. एका कुटुंबाने महिन्याला १०० रुपये दिले तर पाच हजार कुटुंबांचे दरमहा ५ लाख रुपये होतात. उदाहरणातील रुग्णालयाची साडेचौदा लाखांची तूट त्यातून पूर्ण भरणार नाही, पण तिचा एक तृतीयांश भार उतरेल. एका मोठ्या दात्याचा हात मंदीत एकदम थांबू शकतो. पाच हजार घरांचे हात एकाच वेळी थांबत नाहीत. लहान पण नियमित दानाचे हे बळ आहे.

बंधु-भगिनींनो, मंदी आज ना उद्या सरते. त्या काळात बंद पडलेले रुग्णालय मात्र सहसा पुन्हा उघडत नाही. त्याचे डॉक्टर विखुरतात, परिचारिका अन्यत्र जातात आणि तीस-चाळीस वर्षांत जमलेला विश्वास विरून जातो. म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढेच करावे. आपल्या जवळच्या सेवाभावी रुग्णालयात जाऊन त्याचा वार्षिक हिशेब मागून वाचावा, आणि तो पटला तर आपल्या घरचा मासिक वाटा ठरवून यावे. घरात कोणी आजारी नसताना हे करावे. आजारपणात रुग्णालयाचे दार उघडे सापडावे, अशी इच्छा असेल तर त्याला दुसरा मार्ग नाही.