जेडचं बोन्साय आणि आपली काळी माती

(जूनच्या सुरुवातीला सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



नवतपा संपला. आभाळ भरून यायला लागलंय. शेताशेतांत कपाशीच्या पेरणीची लगबग आहे. मी मात्र आज तुमच्या गॅलरीतल्या एका लहान कुंडीबद्दल बोलणार आहे. पाऊस लागला की वणीतल्या कितीतरी घरांत जेडचं झाड सडतं. ते वाचवायचं तर तयारी आत्ताच करायला हवी.

माझं सडलं होतं, म्हणून सांगते. लेक नागपूरला शिकायला गेली तेव्हा तिने तीन वर्षं वाढवलेलं जेडचं बोन्साय माझ्या हवाली केलं. जाताना बजावलं, "आई, रोज पाणी घालू नको बरं." पण घर रिकामं झालं होतं. सकाळी तिच्या झाडाला तांब्याभर पाणी घातलं की तिचंच काही केल्यासारखं वाटायचं. श्रावणात पानं पिवळी पडून गळू लागली. मला वाटलं, तहानलंय. मी संध्याकाळीही पाणी सुरू केलं. एक दिवस खोडाला हात लावला तर ते पिकल्या केळ्यासारखं मऊ! लेकीला फोनवर सांगायला मला चार दिवस लागले.

ती रागावली नाही. म्हणाली, "शेंड्याकडची एखादी फांदी टणक असेल तर कापून ठेव." एक निघाली, बोटभर. आजचं माझं झाड त्याच फांदीचं. सात वर्षांचं झालंय.

चूक कुठे झाली? जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. तिथे पाऊस कमी, जमीन खडकाळ. म्हणून ते पानांत आणि खोडात पाणी साठवतं. उन्हाच्या दिवसांत पानांची छिद्रं दिवसा मिटून घेतं आणि रात्री उघडतं. पाण्याचा साठा घेऊनच बसलेलं झाड आहे ते. आपल्याकडे जेड नावाने दोन झाडं विकतात. एकाची पानं अंगठ्याएवढी, जाड. दुसऱ्याची नखाएवढी गोल, आणि खोड तांबूस. त्याचा पाला तिकडे हत्ती खातात, इकडे शेळीलाही तो आवडतो, तेव्हा कुंडी उंचावर ठेवा! बोन्सायला हे लहान पानांचं जास्त सोपं. निगा मात्र दोघांचीही जवळपास सारखीच.

आता माती. आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी, कारण ती ओल धरून ठेवते. तोच गुण कुंडीत जेडचा जीव घेतो. भिजली की फुगते, मुळांना हवा मिळत नाही. म्हणून जेडला काळी माती नकोच. विटांचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे दोन वाटे, बांधकामाची जाडी रेती एक वाटा आणि जुनं कुजलेलं शेणखत एक वाटा घ्या. विटांची भुकटी पिठाच्या चाळणीने काढून टाका, नाहीतर ती खाली बसून चिखल करते. महागडी बोन्सायची कुंडी नसली तरी चालेल. कुंभाराकडचं परळ घ्या आणि त्याला दोन-तीन भोकं पाडा. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा.

कुंडी बदलायला फेब्रुवारी-मार्च चांगला. बदलल्यावर इतर झाडांना आपण लगेच पाणी देतो, जेडला आठवडाभर देऊ नका. तुटलेली मुळं आधी सुकू द्या. फांदी लावतानाही तेच. कापल्यावर चार-पाच दिवस सावलीत ठेवा, जखम वाळली की कोरड्या मिश्रणात खोचा, पाणी आणखी आठवड्याने.

आत्ता जूनमध्ये कुंडी बदलत बसू नका. ती पत्र्याखाली घ्या, जिथे उजेड भरपूर पण पागोळी पडणार नाही. खालची ताटली काढून टाका. पाणी दिवस मोजून नाही, बघून द्या. खराट्याची काडी कुंडीत खोचा, दहा मिनिटांनी काढा. ओलसर निघाली तर पाणी नाही. पानं किंचित सुरकुतली तर झाड तहानलेलं. पानं पिवळी, पाणेरी होऊन गळाली तर पाणी जास्त झालंय. हा फरक तेव्हा मला माहीत असता तर झाड वाचलं असतं.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा सकाळचं ऊन पुरे. दुपारी हिरव्या जाळीची सावली हवी. कूलरच्या ओल्या वाऱ्यासमोर ठेवू नका. आणि आपल्याकडे कोळशाची धूळ! ती पानांवर बसली की उजेड अडतो. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा.

आकार द्यायचा तर तारेपेक्षा कात्री बरी. फांदी पाण्याने भरलेली असते, वाकवताना कट्कन मोडते. पानांच्या जोडीच्या जरा वर कापा, तिथून दोन नवे फुटवे येतात. असं कापत गेलं की दोन-तीन वर्षांत छोट्या वडासारखा घेर येतो. छाटणी ऐन पावसात नको, जखम सडते. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कपाशीवाल्या घरांना ओळख सांगायला नकोच. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढा.

काही जणी विचारतात, बोन्साय ठेवलं की घराची वाढ खुंटते म्हणतात, खरं का? अहो, आपण त्याला उपाशी ठेवत नाही. वेळेवर छाटतो, माती बदलतो, रोज बघतो. माझी लेक याच घरातून शिकून नोकरीला लागली. झाडही वाढतंय, आपल्या मापाने.

तर मैत्रिणींनो, आज एवढंच करा. कुंडी पावसाआधी आडोशाला घ्या, आणि पाण्याचा तांब्या उचलण्याआधी काडी खोचून बघा. मायेने पाणी घालावंसं वाटलं तर शेजारच्या तुळशीला घाला. जेडला नुसतं बघितलं तरी पुरतं.